तीन नंबरचा वाल

पंचेचाळीस वर्षं मी बायकोला एकच थाप मारत आलो, की पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी वाईला, तिच्या माहेरी, कृष्णाबाईच्या उत्सवाला दोघं मिळून जाऊ. दरवर्षी माघात ती पिशवी भरायची, एकटी एसटीत बसायची आणि मी मोटरीपाशी राहायचो. तिचं म्हणणं असं, की माझ्या माहेरचं पाणी रोज वाहत तुमच्या दारापर्यंत येतं, तुम्हाला मात्र एकदा तिकडं यायचं होत नाही. बोलायची हसून, पण बोलायची दरवर्षी.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो त्या अंगाला. नदीचं पाणी उचलून वरच्या माळाला नेणारी आमची पाणी संस्था आहे. सभासद एक्केचाळीस. खाली काठाला मोटरघर, तिथून पाईप वर टेकाडावरच्या हौदात, आणि हौदाच्या बुडाला चार वाल. वाल उघडला की त्या बाजूच्या रानाला पाणी. कुणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे बघणारा तो पाटकरी. तो मी. शाळा चौथीत सोडली. लिहिता येतं ते सहीपुरतं. पण अख्खी संस्था माझ्या डोक्यात होती आणि मला त्याचा लय माज होता. खोटं कशाला सांगू.

पाळ्यांसाठी मोटरघराच्या भिंतीवर मी एक फळी ठोकलेली. तिला एक्केचाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घरची खूण. संस्थेचा चेअरमन फौजेतून सुभेदार होऊन आलेला, त्याच्या घरची खूण पट्ट्याचं पितळी बक्कल. माळाच्या पार टोकाला जमीन असलेलं एक घर आटपाडीकडून मेंढरं घेऊन आलं आणि इथंच राहिलं, त्यांची मेंढीच्या गळ्यातली घंटी. आमची खूण बायकोच्या चुलीवरचं मोडकं उलथनं. ज्याची पाळी चालू त्याच्या खिळ्याला मी लाल चिंधी बांधायचो. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाची लावण लांबली, की दोघं आपसात पाळी बदलून घ्यायचे आणि मी खुणा इकडच्या तिकडं करायचो. कुणी कुणाला पाळी दिली हे माझ्याकडं, का दिली हे बायकोकडं. बायाबायांत सगळं कळतं.

आता तीन नंबरच्या वालाचं सांगतो. फार वर्षांमागं तो वाल फुटला आणि मी घाईघाईनं सांगलीच्या जुन्या बाजारातून एक उचलून आणला. बसवून झाल्यावर कळलं, की गडी उलटा फिरतो. बाकीचे तीन ज्या बाजूला फिरवल्यावर उघडतात, त्या बाजूला हा घट्ट होत जातो. बसवणारा मीच, आणणाराही मीच. चारचौघांत हसं नको म्हणून मी गप्प बसलो. कुणी तो उघडायला गेलं, की दोन माणसं लोंबकळली तरी हलायचा नाही. मग मी जायचो, त्यांच्याकडं पाठ करून हाताला माती चोळायचो, आणि एका झटक्यात वाल सुटायचा. लोक म्हणायचे, तात्याच्या हातात काय तरी आहे. मी म्हणायचो, असेल. पुढं तर मला तो वाल आवडायलाच लागला. तो होता तोवर माझ्यावाचून गावाचं पान हलणार नव्हतं.

मग बायको आजारी पडली. दसऱ्याच्या तोंडावर तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं आणि मी तिच्या उशाशी. लग्नानंतर एवढे दिवस गाव सोडून मी पहिल्यांदाच राहिलो. सुभेदाराला म्हणालो होतो, फळीवर सगळं आहे, फक्त चिंधी पुढं सरकवायची.

पाचव्या दिवशी सुभेदाराचा फोन. आवाज एकदम बारीक. फौजेतला माणूस एवढ्या बारीक आवाजात बोलला की समजावं, काहीतरी मोठं मोडलंय.

"तात्या, ती लाल चिंधी कुणाच्या खिळ्याला हुती रं?"

झालं होतं असं. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुजतात. मी नाही, तर मोटरघराची पूजा राहायला नको म्हणून चारपाच जणांनी लय भक्तीनं काम केलं. मोटर पुसली, नट खोलायचे पाने धुतले, आणि फळीवरच्या सगळ्या खुणासुद्धा उतरवून चिंचेनं घासून लखलखीत केल्या. हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल वाहिलं. मग परत टांगल्या. कशा, तर मोठी खूण आधी, लहान नंतर, दिसायला बरं. चिंधी मळकी दिसली म्हणून टाकून दिली आणि नवी कोरी आणून पहिल्या खिळ्याला बांधली.

मी कपाळाला हात लावला. बायकोनं विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि ती एवढी हसली एवढी हसली की सलाईनची बाटली हलायला लागली. नर्स धावत आली. बायको तिला पण सांगायला लागली, बक्कलाला कुंकू लावलं म्हणून. मग डोळे पुसले आणि पडल्या पडल्या बोटांवर मोजत सगळा क्रम सांगितला, घंटीच्या मागं कोण, बक्कलाच्या पुढं कोण, एकही चूक नाही. मी तिकडून फोनवर सांगतोय, सुभेदार खुणा हलवतोय. खोलीतल्या बाकीच्या आजारी बायका कान देऊन ऐकत होत्या.

एवढं मिटलं, पण वाल उरला. घंटीवाल्यांची पाळी आली आणि त्यांचं रान तीन नंबरवर. चार गडी लागले, लोखंडी पहार लावली, वालाचा दांडाच वाकला. त्यांनी पहिल्यांदाच आलं लावलेलं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात आल्याची पानं पिवळी पडत चालली. त्या घरची म्हातारी माझ्याच वयाची. फोनवर तिनं शिवी दिली नाही, ओरडली नाही. "तात्या, तुमच्या माणसाला बरं वाटू दे, मग बघू," एवढंच म्हणाली. त्यानं मला लय लागलं. नुसतं म्हणायचं होतं, उलटा फिरवा. नाही निघालं तोंडातून. बायकोला त्या अवस्थेत टाकून मी दुपारच्या एसटीनं गावी आलो, वाल सोडला आणि दिवस मावळायच्या आत परत गेलो. मी दारात असतानाच तिनं खाटेवरून विचारलं, "सुटला?" म्हटलं, सुटला. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि कूस बदलली.

बायकोला घरी आणल्यावर संस्थेची मीटिंग झाली. संस्थेची सचिव माझी सूनच. मुलगा फौजेत, ही घर बघून संस्थेचं दप्तर सांभाळते, कॉम्प्युटर शिकलेली. ती उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "मामंजी, माणूस आजारी पडणारच. संस्थेनं त्येच्यासंगं आजारी पडू नये." सुभेदारानं मान डोलावली. मला तर दोघांचा राग आला.

तिनं दोन गोष्टी केल्या. मोटरीला मोबाईलचा स्टार्टर बसवला. त्या डब्यात सिमकार्ड असतं. घरातून फोन लावायचा, की मोटर चालू. आतली बाई शुद्ध मराठीत सांगते, मोटर चालू झाली आहे. लाईट नसली तर तेही सांगते. मला आधी ते पटेना, पण थंडीच्या दिवसांत अंथरुणातून मोटर चालू करायला मिळाल्यावर मी त्या बाईशी नीट बोलायला लागलो. बायको खाटेवरून म्हणायची, "ह्या बाईला बरं तुमी उलटं बोलत न्हाई."

दुसरी गोष्ट पाळ्यांची. सुनेनं फळीवरच्या एकेका खुणेचा फोटो काढला आणि पाळ्यांची यादी मोबाईलवर चढवली. अक्षरं वाचता येत नसली तरी चालेल, घंटी दिसली की घंटीवाल्यांची पाळी. रोज सकाळी ती यादी एक्केचाळीस घरांच्या मोबाईलवर जायची. कुणी पाळी बदलली की तिथंच कळवायचं. मला म्हणाली, मामंजी, डोक्यात जे जे आहे ते आता सांगा. मी म्हटलं, माझं डोकं डब्यात घालायचं नाही. आणि उठून गेलो.

त्या हिवाळ्यात बायकोची खाट आम्ही अंगणात उन्हाला टाकायचो. दुपारी सून तिच्या पायथ्याशी बसायची, हातात मोबाईल. दोघींचं हलक्या आवाजात काय काय चालायचं. मी गेलो की गप्प. मला वाटायचं, माझ्याबद्दलच असणार, आणि बाकी लोणच्याचं मसाल्याचं. एक दिवस सकाळी यादी आली आणि तिच्यात दोन घरांची अशी अदलाबदल होती, जी माझ्या आणि बायकोच्या शिवाय कुणालाच माहीत नव्हती. त्या दोन घरांचं उघड भांडण, चोरून पाळी मात्र एकमेकांना द्यायचे.

मी अंगणात जाऊन बायकोला झापलं. आयुष्यभराची माझी गोष्ट, तू वाटून टाकलीस.

ती म्हणाली, "आवं, तुमी सांगत न्हवता, म्हणून मी सांगितली. माझ्याकडं येळ कमी हाय."

मी तिची खाट जरा उन्हात सरकवली.

चैत्रात ती गेली. त्याबद्दल मला जास्त सांगता येत नाही. सकाळी मी अजून दोन कप मांडतो, मग एक परत ठेवतो. सून बघते आणि बघितलं नाही असं करते.

श्रावणात पूर आला. मागच्या मोठ्या पुरात मोटर पाण्याखाली गेली होती, गाळ काढून ती परत चालू होईपर्यंत निम्मं वर्ष गेलं आणि कितीकांचा ऊस वाळला. या वेळी धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आधीच मोबाईलवर आला, सुनेनं तो सगळ्यांना पाठवला, आणि पंधरा मिनिटांत वीसएक गडी मोटरघरात. चेनकप्पी लावून मोटर उचलली, स्टार्टरचा डबा सोडवला, सुभेदार हुकूम देतोय, सगळे भिजतायत आणि मध्येच कुणीतरी म्हणतंय, आता बक्कलाला कुंकू लावा. एवढं हसलो त्या पावसात. मोटर ट्रॅक्टरवर चढवून गावात आणली. फळी कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

पाणी उतरल्यावर बघितलं, तर भिंतीला नुसती चार भोकं. फळी, खिळे, घंटी, उलथनं, सगळं नदीनं नेलं. मी तिथंच चिखलात बसलो. पाळ्यांसाठी नाही, उलथन्यासाठी. सुभेदार शेजारी उभा राहिला आणि त्यानं खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. आमच्या पाळीच्या जागी तिचं मोडकं उलथनं, जसंच्या तसं. एका मोडक्या उलथन्याचा फोटो एक्केचाळीस घरांत जपून ठेवलाय असं गाव दुसरं नसेल. नवव्या दिवशी माळाला पाणी गेलं. बरोबर ज्याची पाळी अर्धी राहिली होती, त्याच्यापासून.

माघ आला तशी सून म्हणाली, मामंजी, वाईला जाऊन या. भावकीतले काही म्हणाले, वर्ष झालं नाही, उत्सवाला कसं जाणार. मी म्हटलं, ती पंचेचाळीस वर्षं थांबली, आता मी तुमच्यासाठी थांबू होय. सहा दिवसांची पिशवी सुनेनं भरून दिली, बायको भरायची तीच पिशवी. निघताना मनात वाल होता. माझ्या हिशेबानं चौथ्या दिवशी सकाळी घंटीवाल्यांची पाळी, म्हणजे तीन नंबर. म्हणावंसं वाटलं, की पोरी, तो उलटा फिरतो. पिशवी खांद्याला लावून दोनदा मागं वळलो. काय, म्हणाली ती. म्हटलं, काय नाही, कोंबड्या डाल. फोन येईल तेव्हा सांगू, असं ठरवून एसटीत बसलो.

वाईत मेव्हण्यानं काय चेष्टा केली म्हणता. सगळ्या गल्लीला दाखवत हिंडला, हे आमचे दाजी, लग्नात आले होते, त्यानंतर आत्ताच. घाटावर मांडव, देवी बसवलेली, कीर्तन, आणि दुपारी दगडी पायऱ्यांच्या कडेनं जेवणाच्या पंगती. बायको सांगायची ते सगळं तसंच होतं, फक्त मी उगाच लहान समजत होतो. लहानपणी ती पोहायची ती जागा मेव्हण्यानं दाखवली. तिनं तिथं एकदा नवी कोरी चप्पल सोडली होती म्हणे, वाहत कुठवर जाते बघायला. मी म्हटलं, बरोबर, तिथूनच ती माझ्यापर्यंत आली. मेव्हणा हसला.

चौथा दिवस उजाडला. मी पहाटेपासून मोबाईल हातात धरून. आठ वाजले, नऊ वाजले, फोन नाही. आता पहार लावली असेल, आता दांडा वाकला असेल. दहाला मेव्हण्याला म्हटलं, मला जरा फोन लाव, वाजतोय का बघू. वाजला. मग मला वाईट वाटायला लागलं, खरं सांगतो. तिकडं वाल सुटत नसेल, आल्याला पाणी नसेल, तरी म्हाताऱ्याला कशाला सांगायचं, असं ठरवलं असेल त्यांनी. त्या म्हातारीचं फोनवरचं बोलणं आठवलं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर गेलो, पाय पाण्यात सोडले आणि सुनेला फोन लावला.

"पोरी, तीन नंबर?"

"सोडला की मामंजी. सकाळी सातलाच."

"कुणी सोडला?"

"घंटीवाल्यांच्या म्हातारीनं. एका हातानं."

मी म्हटलं, ते कसं शक्य आहे. आणि मग जे इतकी वर्षं आत होतं ते नदीच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. जुन्या बाजारातून आणल्यापासून, पाठ करून उघडण्यापर्यंत. आणि त्या ऑक्टोबरात तुमचं आलं पिवळं पडलं ते माझ्या मस्तीपायी, हेही त्या म्हातारीला सांग, म्हटलं. तिकडून आवाज येईना. मला वाटलं, फोन कट झाला.

मग मागून सुभेदाराचं हसणं ऐकू आलं, आणि त्याच्या मागं आणखी कुणाकुणाचं. फोन मोठ्या आवाजावर होता. सगळे हौदापाशीच.

सून म्हणाली, "मामंजी, आत्याबाईंनी मागच्या हिवाळ्यातच सांगितलंय. जेवाण घिऊन हौदावर यायच्या न्हवं, तवा मागनं बघायच्या. यादीत वालाचा फोटो हाय, त्येच्यावर उलटा बाण काढलाय. सगळ्यांकडं हाय, तुमच्याकडंच न्हाई पाठवला."

"मग मला कुणी बोललं का न्हाई?"

"त्यांनी शपथ घातली हुती. ह्यांनी आपल्या तोंडानं सांगंपतूर कुणी बोलायचं न्हाई म्हणाल्या. आज सुटली सगळी."

मला एकेक आठवायला लागलं. गेलं वर्षभर मी हाताला माती चोळून तो वाल उघडायचो, तेव्हा सुभेदार शेजारी गंभीर तोंडानं उभा असायचा. म्हणायचा, आज लय अडतोय न्हवं. आणि मी म्हणायचो, लय. एक्केचाळीस घरांनी मिळून एका म्हाताऱ्याची लाज सांभाळली, आणि सगळ्यांना तशी शिकवण देऊन ठेवणारी ती. दवाखान्याच्या खाटेवरून "सुटला?" विचारून जरा जास्त वेळ बघणारी.

तेवढ्यात त्या म्हातारीनं फोन घेतला असावा. म्हणाली, "तात्या, आलं औंदा झ्याक हाय. तुमी उत्सव करा."

मी फोन ठेवला आणि हसायला लागलो. मोठ्यानं, एकटाच, पाय पाण्यात. पंगतीतले लोक वळून बघायला लागले. मेव्हणा धावत खाली आला, त्याला वाटलं दाजींना काहीतरी झालं. त्याला सगळं सांगितलं तर तो पायरीवरच बसला आणि तोही हसायला लागला. म्हणाला, आमची बहीण लहानपणापासून अशीच, सगळं कळायचं आणि तोंड मिटून बसायची.

मग सवयीनं मोटरीला फोन लावला. बाई म्हणाली, मोटर चालू आहे. मी म्हटलं, बरं.

वाढप्यानं पंगतीला बोलावलं. उठता उठता मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, परवा निघणार म्हणाला हुता, एसटीचं बघू?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "उत्सव संपल्यावर आनि चार दिवस ऱ्हातो. तिकडं माझ्यावाचून काय अडलंय."

आणि त्याच्या मागोमाग जेवायला गेलो.